पहिली मॅरेथॉन आणि घोटभर पाणी

मागच्या आठवड्यात एका ताईंनी आम्हाला गाठले. म्हणाल्या, "माझा मुलगा पहिल्यांदाच मॅरेथॉन धावणार आहे. दिवसभर गोदामात ओझी उचलतो आणि पहाटे उठून पळायला जातो. ऊन तर वाढतच चाललंय. त्याला अडवू की जाऊ देऊ?" पोराची जिद्द खरी आणि आईची काळजीही खरी. म्हणून उत्तर देण्याआधी आम्ही त्यांना एक घडलेली हकीकत सांगितली. तीच आज वाचकांनाही सांगतो.

३० ऑगस्ट १९०४. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात ऑलिम्पिकची मॅरेथॉन होती. अंतर सुमारे ४० किलोमीटर. शर्यत सुटली ती दुपारी तीनच्या सुमारास. तापमान ३२ अंशांच्या आसपास, रस्ता कच्चा आणि चढउतारांचा. पंच आणि मदतनीस मोटारींतून बरोबर चालले होते, त्यांची सगळी धूळ धावणाऱ्यांच्या नाकातोंडात जात होती. आणि पाणी? निम्म्या वाटेवरची एक विहीर हाच काय तो मोठा आधार! पाण्यावाचून माणूस कुठवर तग धरतो हे संयोजकांना पाहायचे होते, असे सांगतात. तहानलेल्या माणसाला पाणी न देणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

व्हायचे तेच झाले. ३२ जण धावायला उभे राहिले, त्यांपैकी फक्त १४ जणांनी शर्यत पूर्ण केली. विल्यम गार्सिया हा धावपटू रस्त्याच्या कडेला कोसळला. पोटात गेलेल्या धुळीने आतून रक्तस्राव झाला होता. तो मरता मरता वाचला. पहिला आलेला थॉमस हिक्स वाटेत पाणी मागत होता. त्याच्या मदतनिसांनी पाणी दिले नाही, ओल्या स्पंजने तोंड तेवढे पुसले. वर अंड्याच्या पांढऱ्या बलकातून स्ट्रिकनीन नावाचे विष, उत्तेजक म्हणून पाजले आणि ब्रँडी दिली! ३ तास २८ मिनिटे ५३ सेकंदांनी तो पोहोचला, तेव्हा त्याला धड उभेही राहता येत नव्हते. याला विजय म्हणायचे की नशिबाने वाचणे?

त्याच गर्दीत दक्षिण आफ्रिकेतून आलेले दोन कृष्णवर्णीय धावपटू होते, लेन टाउन्याने आणि जॅन माशियानी. तिथल्या जत्रेत बोअर युद्धाचा देखावा होता, त्यात काम करायला ते आले होते. ऑलिम्पिकमध्ये उतरलेले हे पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकन. टाउन्यानेच्या मागे कुत्रा लागला आणि त्याला रस्ता सोडून लांबवर पळावे लागले. तरीही तो नववा आला, माशियानी बारावा आला. एवढे करूनही त्यांची नावे नीट लिहिण्याची तसदी कोणी घेतली नाही. 'लेंटाव' आणि 'यामासानी' अशी चुकीची नावे कित्येक वर्षे नोंदीत राहिली.

ही हकीकत ऐकून ताई म्हणाल्या, "मग नकोच पाठवायला!" आम्ही म्हटले, तसे नाही. त्या दिवशी माणसांना नुसत्या उन्हाने पाडले नाही. भर दुपारची वेळ, पाण्याची टंचाई आणि खोटी मर्दुमकी यांनी पाडले. या तिन्ही गोष्टी टाळता येतात.

पहिल्या मॅरेथॉनसाठी काही महिन्यांचा सराव हवा. अंतर हळूहळू वाढवावे. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा-पंधरा दिवस लागतात, तेव्हा त्या काळात वेग कमी ठेवावा. पहाटे सुटणारी शर्यत निवडावी. अंगात कणकण असेल, जुलाब झाले असतील किंवा रात्रपाळी करून झोप झाली नसेल, तर त्या दिवशी धावू नये. फी बुडाली तरी चालेल. तहान लागेल तसे थोडे थोडे पाणी प्यावे. मात्र घटाघट लिटरभर पाणी ढोसणेही घातक असते, कारण रक्तातले मीठ कमी होते. धावून आल्यावर महागड्या बाटल्यांची गरज नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की काम भागते.

धावणारा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर त्याला "अजून थोडंच राहिलंय" असे सांगून पुढे ढकलू नका. तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि १०८ वर फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. शर्यत पुढच्या वर्षी पुन्हा येते.

ताई, मुलाला जाऊ द्या. पण एकट्याला नको. भाऊ किंवा मित्र वाटेवर पाणी घेऊन उभा राहू द्या. तिसाव्या किलोमीटरनंतर ओळखीच्या हातचे घोटभर पाणी फार मोठे असते. आणि छातीवर लावायच्या क्रमांकाच्या मागे त्याचे पूर्ण नाव, रक्तगट आणि घरचा फोन नंबर तुम्ही स्वतः लिहा. कोणी उचलून न्यायची वेळ आली तर तो कोण, कुणाचा, हे कळले पाहिजे. आणि तो धावत पोहोचला, तर यादीत त्याचे नाव बरोबर लागले आहे का, तेही पाहून या.