आडोसा हवा, अडसर नको

मराठी घराला पुढचे अंगण जितके आवश्यक, तितकेच मागचे परसदारही आवश्यक असते. अंगण पाहुण्यांचे आणि वाटसरूंचे. परसदार मात्र घरच्यांचे. धुणे वाळत घालावे, पापड-कुरडया उन्हात पसराव्यात, धान्य निवडावे, कामे उरकल्यावर दोन घटका पाय पसरून बसावे, हे सारे तिथे होते आणि त्यातील बहुतेक कष्ट घरातील स्त्रियांच्या वाट्याला येतात. म्हणूनच परसदारी परक्याची नजर पडू नये, ही अपेक्षा म्हणजे श्रीमंती हौस नव्हे. शिक्षकांनी आणि कारकुनांनी सहकारी गृहरचना संस्थांमधून आयुष्याची पुंजी घालून बांधलेल्या बैठ्या घरांच्या शेजारी आता बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत, आणि या घरांची मागची बाजू एकाएकी उघडी पडू लागली आहे. आडोशाची गरज खरी आहे. प्रश्न आहे तो आपण तो कशाचा करतो याचा.

सर्वात सोपा उपाय भिंतीचा अथवा पत्र्याचा. तो एका आठवड्यात होतो, पण दिवसभर उन्हात तापलेली भिंत संध्याकाळी तीच उष्णता घरात परतवते, आणि वारा अडतो तो वेगळाच. दुसरा उपाय झटपट वाढणाऱ्या झाडांची रांग लावण्याचा. रोपवाटिकेत गेलेल्या गृहस्थाचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो की, “लवकर वाढणारे काय आहे?” साऱ्या अनर्थाचे मूळ या प्रश्नात आहे. जे झाड दोन वर्षांत दहा फूट वाढते, ते तिसऱ्या वर्षी आपल्या सोयीखातर थांबत नाही. त्याची वाढ पुढेही चालूच राहते. ती आवरण्याचा खर्च, पाणी आणि श्रम मात्र दरवर्षी आपल्या माथी बसतात.

या उतावळेपणाचे ताजे उदाहरण कोनोकार्पसचे आहे. हिरवागार पडदा थोड्या काळात उभा करणारे हे परदेशी झाड रस्त्यांच्या दुभाजकांत आणि बंगल्यांच्या कडेने सर्रास लावले गेले. पुढे २०२३ साली गुजरात सरकारने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. त्याच्या परागकणांमुळे श्वसनाचे विकार बळावतात आणि मुळे जमिनीखालील तारांना व सांडपाण्याच्या नळांना उपद्रव देतात, अशी कारणे त्या वेळी देण्यात आली. या कारणांविषयी जाणकारांत मतभेद आहेत. परंतु एकच झाड डोळे मिटून सर्वत्र लावण्यात शहाणपण नव्हते, याविषयी मतभेदाला फारशी जागा नाही. आपल्याकडील खोट्या अशोकाची कथा एवढी गंभीर नसली तरी बोधप्रद आहे. खांबासारखे सरळ वाढणारे हे झाड चाळीस फुटांवर जाते. परसदारात बसलेल्या माणसाला आडोसा लागतो तो सहा-सात फुटांचा. वरच्या तीस फुटांनी अडते ते शेजाऱ्याचे ऊन.

याहून जुना धडा घाणेरीचा आहे. आज सह्याद्रीच्या उतारांपासून मध्य भारतातील अरण्यांपर्यंत माजलेले हे झुडूप एकोणिसाव्या शतकात बागेची शोभा आणि कुंपण म्हणूनच या देशात आणले गेले. पाखरांनी त्याची फळे खाल्ली, बिया दूरवर टाकल्या, आणि बागेचे कुंपण रानाचे संकट बनले. आपल्या कुंपणात आपण काय लावतो ही पूर्णपणे खाजगी बाब असते, या समजुतीला घाणेरी हे चोख उत्तर आहे. मात्र हा देशी-परदेशीच्या अभिमानाचा प्रश्न करू नये. कोकणात वईसाठी ज्याचे खुंट रोवतात तो मोगली एरंडही मूळचा अमेरिकेचाच. झाड कोठून आले यापेक्षा ते इथल्या मातीत कसे वागते, हे पाहणे महत्त्वाचे.

माती आणि पाऊस पाहून कुंपण निवडावे हे सूत्र नवे नाही. मिठावरील कर चुकवून कोणी मीठ आणू नये म्हणून इंग्रज सरकारने हिंदुस्थानात शेकडो मैलांचे काटेरी जिवंत कुंपण वाढवले होते. १८६७ ते १८७० या काळात त्या खात्याचे आयुक्त असलेले आणि पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे अ‍ॅलन ह्यूम यांनी कोणत्या जमिनीत आणि किती पावसात कोणते झुडूप टिकते, याचे प्रयोग केले. बाभूळ, बोर, करवंद आणि निवडुंगासारखी झाडे त्यांतून पुढे आली. गरिबाचे मीठ अडवणारे ते कुंपण १८७९ साली मोडीत निघाले, हे योग्यच झाले. त्यामागचा हेतू निंद्य होता, पण त्यातील वनस्पतिज्ञान खोटे नव्हते.

ते ज्ञान आपल्या परसदाराला लावून पाहावे. देशावरच्या कोरड्या हवेत मेंदीसारखे कुंपण नाही. पहिले दोन उन्हाळे पाणी दिले की पुढे ती थोडक्यात भागवते, कितीही छाटली तरी फुटते, आणि फुलली की गल्लीभर सुगंध दरवळतो. अडुळसा फांदी खोचून लागतो, शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, आणि त्याच्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात. निरगुडीचेही तेच. जरा जास्त पाणी आणि निगा देता येत असेल तर कुंती घ्यावी. तिची पाने बारीक आणि दाट असतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि कोकणात करवंदीची जाळी भिंतीपेक्षा बळकट होते. वाढते सावकाश, पण वैशाखात फळे देते. जास्वंद आणि तगर यांनी पूजेच्या फुलांचीही सोय होते. काही झाडांच्या बाबतीत मात्र सावध राहिले पाहिजे. कण्हेर सर्वांगाने विषारी आहे, आणि शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. लहान मुले असलेल्या घराच्या परसदारी त्यांना स्थान नसावे. एकाच जातीची रांग लावण्यापेक्षा तीन-चार जाती मिसळून लावाव्यात, म्हणजे एकीवर कीड पडली तरी सारा आडोसा एकदम उघडा पडत नाही.

निवडीइतकेच महत्त्व जागेला आहे, आणि इथे थोडे गणित कामी येते. आपण कुंपणापासून पंधरा फूट आत बसलो आहोत, आपले डोके जमिनीपासून चार फुटांवर आहे, आणि कुंपणापलीकडे वीस फुटांवर शेजारच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत पंधरा फूट उंचीवरून कोणी पाहत आहे, असे समजू. ती नजर कुंपणाशी अडवायची तर जवळजवळ नऊ फूट उंचीची झाडी हवी. तेच झुडूप आपल्या बैठकीपासून पाच फुटांवर लावले, तर सहा फुटांत काम भागते. सारांश, आडोसा हद्दीवरच हवा असा नियम नाही. इमारत त्याहून उंच असेल तर कोणतेही कुंपण पुरे पडणार नाही. तिथे बैठकीवर एखाद्या मांडवावर चढवलेली मधुमालती, किंवा छत्रीसारखे पसरणारे एकच झाड, सबंध रांगेपेक्षा अधिक उपयोगी पडते.

लागवडही शांतपणे करावी. पावसाळ्याच्या आरंभी, हद्दीपासून दोन-तीन फूट आत, दोन ओळींत एकाआड एक रोपे लावावीत, आणि ती हातभर वाढताच जीव घट्ट करून शेंडे खुडावेत. जो हे करत नाही त्याचे कुंपण वर दाट आणि खाली विरळ होते, आणि नेमकी नजर पडते ती खालूनच. छाटणी करताना तळ रुंद आणि माथा निमुळता ठेवावा, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळते. पाखरांची घरटी असतील तेव्हा कात्री बाजूला ठेवावी.

यापुढचा मुद्दा शेजाऱ्याचा. इंग्लंडमध्ये झपाट्याने वाढणाऱ्या सायप्रसच्या रांगांवरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत इतकी भांडणे झाली की २००३ साली तेथील संसदेला उंच कुंपणांविषयी कायदा करावा लागला. दोन मीटरहून उंच अशा सदाहरित रांगेचा त्रास होत असेल तर तेथे स्थानिक परिषदेकडे दाद मागता येते. मात्र तक्रारदाराने आधी आपसांत मिटवण्याचा प्रयत्न केलेला असला पाहिजे, अशी अपेक्षा आहे. आपल्याकडे १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे नागरी भागात स्वतःच्या आवारातील झाड तोडण्यासही वृक्ष प्राधिकरणाची अनुमती लागते. तेव्हा आज घाईने लावलेले झाड उद्या लहरीने काढता येईल, या भ्रमात कोणी राहू नये. खड्डा खणण्यापूर्वी शेजाऱ्याशी पाच मिनिटे बोलणे हे पुढच्या पाच अर्जांपेक्षा स्वस्त पडते.

आपला एकांत राखण्याचा अधिकार प्रत्येक घराला आहे. परंतु शेजाऱ्याच्या खिडकीतील ऊन, विहिरीतील पाणी आणि गल्लीतील वारा यांवर आपल्या एकट्याची मालकी नाही. भिंत फक्त वेगळे करते. जाणतेपणाने निवडलेले कुंपण दोन घरांमध्ये राहूनही दोघांना फुले, सावली आणि पाखरांचे आवाज देते. ते वाढायला तीन पावसाळे लागतात, हे खरे. पण कर्ज फेडायला जिथे वीस वर्षे लागली, तिथे आडोशासाठी तीन वर्षे थांबायला हरकत नसावी.