गेन कमी करा, मग बोलू

"बीडमध्ये कोण मेटल वाजवतं?" पुण्यातल्या ऑफिसात हा प्रश्न मला हसत हसत विचारला जातो. त्यामागचा हिशोब सरळ असतो: हा आवाज महागड्या सामानातून येतो, आणि सामान मोठ्या शहरात मिळतं. हा हिशोब चुकीचा आहे. बरीच वर्षं मीसुद्धा तोच मांडत होतो, म्हणून चिडून लिहितोय.

यंग्वी माल्मस्टीनचा 'रायझिंग फोर्स' १९८४ चा. तो टोन मिळवायला पहिल्या पगारातून हप्त्यावर पेडल घेतलं, गिटार थेट लॅपटॉपला जोडली आणि गेन पूर्ण फिरवला. आवाज आला बाटलीत अडकलेल्या गांधीलमाशीचा.

चूक माझी होती. गिटार ॲम्पचा १२ इंची स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या वरचा बराचसा आवाज गाळून टाकतो. ती चाळणीच मी लावली नव्हती. कॅबिनेटची आयआर फाइल फुकट मिळते. 'न्यूरल ॲम्प मॉडेलर' हा प्लगइनही फुकट आहे. पेडलचा गेन कमी, लेव्हल जास्त आणि पुढे मार्शलचं मॉडेल तापवलेलं, एवढ्यावर माझं निम्मं काम झालं. हप्ते मात्र वर्षभर चालू राहिले.

उरलेलं निम्मं गावात सापडलं. आमच्याकडे वरातीत बेंजो वाजवणारे एक काका आहेत. त्यांचा स्पीकर म्हणजे चिरकणारा कर्णा. तरीही उजव्या हातातली नखी कितीही वेगात चालली तरी प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. त्यांना माझं रेकॉर्डिंग ऐकवलं. म्हणाले, "आवाज लई भारी हाय, पण सूर कुठंय बाबा?"

गेन वाढवला की चुका झाकल्या जातात, सूर एकमेकांत कालवले जातात. आणि हे संगीत तर सुट्या सुरांवरच उभं आहे. माल्मस्टीनचा लाडका हार्मोनिक मायनर घ्या: कोमल गंधार, कोमल धैवत, शुद्ध निषाद. आपल्या किरवाणीचे हेच सूर. ते परके कसे?

सामानाने फरक पडत नाही, असं मी म्हणत नाही. माल्मस्टीनच्या स्ट्रॅटोकास्टरवर फ्रेटांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं असतं. बोट लाकडाला टेकत नाही, तार हवी तशी ओढता येते. पण तिथेही जरा जास्त दाबलं की सूर चढतो. म्हणजे ते महागडं लाकूडसुद्धा हलका हातच मागतं.

म्हणून नवं पेडल कार्टमध्ये टाकण्याआधी गेन निम्म्यावर आणा, मेट्रोनोम ६० वर लावा आणि किरवाणीची सरगम महिनाभर घासा. गेवराईत बसून घासा नाहीतर कोथरूडला, मेट्रोनोम पत्ता विचारत नाही. तेवढं झाल्यावरही पेडल कमी पडतंय असं वाटलं, तर खुशाल घ्या.