राष्ट्रपतींचे सहचर

आमच्या राज्यघटनेंत राष्ट्रपतींचे अधिकार व कर्तव्यें सविस्तर सांगितलीं आहेत. त्यांच्या सहचराविषयीं मात्र तींत एक शब्दही नाहीं. राजवंशीदेवींपासून उषा नारायणन् यांच्यापर्यंत राष्ट्रपतींच्या पत्नींनीं पतीच्या पदामागें उभें राहावें, हें सर्वांनीं गृहीतच धरलें. त्यांत कोणास नवल वाटलें नाहीं.

२५ जुलै २००७ रोजीं आमच्या महाराष्ट्राच्या प्रतिभाताई पाटील या पदावर आरूढ झाल्या, आणि आतां राष्ट्रपतींच्या यजमानांस काय म्हणावें, असा प्रश्न उभा राहिला! डॉ. देवीसिंह शेखावत हे स्वतः अध्यापक, आमदार व अमरावतीचे पहिले महापौर. १९६५ सालीं विवाह झाला, तत्पूर्वींच, १९६२ सालीं, प्रतिभाताई आमदार झाल्या होत्या. माहेरचें पाटील हें आडनांवही पुढें कायम राहिलें. राष्ट्रपतिभवनांत पांच वर्षें डॉ. शेखावत यांनीं दुय्यम स्थान स्वीकारलें. २०२३ सालीं ते निवर्तले.

आम्हांस एवढेंच विचारावयाचें आहे कीं, जी गोष्ट स्त्रीनें केली असतां कर्तव्य ठरते, तीच पुरुषानें केली असतां नवलाची कां व्हावी? घटनेनें न सांगितलेलें हें काम प्रेमाचें आहे. आणि प्रेमाचें काम स्त्रीपुरुषभेद जाणत नाहीं.

गोवंडीच्या आमच्या वर्गांतील एखादी मुलगी उद्यां मोठ्या पदास पोंचेल. तिला आधार देण्यांत कमीपणा नाहीं, हें मुलांनीं आजच शिकावें. बहिणीस अभ्यासास वेळ मिळावा म्हणून पाण्याचा हंडा स्वतः उचलावा. आरंभ तेथूनच होतो.