चढ नव्हे, उतार सांभाळा



‘चढावर धावून पोरांचे गुडघे जातात, लांब शर्यतीची तयारी सपाट रस्त्यावरच करावी’ हे आपल्या अंकातील पत्र वाचले. पत्रलेखकांची काळजी खरी आहे. निष्कर्ष मात्र मान्य नाही.

चढताना गुडघ्याला हादरा कमीच बसतो. दम लागतो, पोटऱ्या भरून येतात, एवढेच. खरा मार उतारावर. गेल्या हिवाळ्यात माझा पुतण्या पहिल्यांदा डोंगरवाटेने लांब पळून आला, तेव्हा दोन दिवस ओट्याच्या पायऱ्या उतरताना त्याला भिंत धरावी लागली. चढताना नाही, उतरताना!

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंना ऑकलंडजवळच्या वायटाकेरे डोंगरातून २२ मैल पळवत. त्यांत पीटर स्नेलही होता, आणि त्याने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकले ते अवघ्या ८०० मीटरमध्ये. आपल्याकडे साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वर घाटात हाफ मॅरेथॉन होते. जाताना चढ, येताना तोच उतार. सपाटीवरचा सराव तिथे कसा पुरणार?

आमच्या बाळापुरात भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणारी पोरे पहाटे नांदेड-हिंगोली रस्त्याच्या कडेने, ट्रकच्या उजेडात पळतात. मला भीती वाटते ती त्या रस्त्याची, डोंगराची नव्हे.

पोरांनो, आठवड्यातून एकदाच चढाकडे वळा, उतार छोट्या पावलांनी उतरा, आणि शर्यतीआधीचे दोन आठवडे पायांना विश्रांती द्या.

– एक वाचक, आखाडा बाळापूर (जि. हिंगोली)