वाट बघायला सांगणारे

मूल दोन वर्षांचं झालं, एक शब्द फुटत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही. आईला हे सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं. ती बोलून दाखवते आणि घर तिला गप्प करतं. 'त्याचा बापही उशिराच बोलला होता. जरा वाट बघ.' मग वेखंड उगाळून जिभेला लागतं, गंडा बांधला जातो, नवस बोलले जातात. गुण येत नाही तेव्हा बोट पुन्हा आईकडेच वळतं: दिवस गेले असताना ग्रहण पाळलं नाही, नोकरी सोडली नाही, मोबाइल हातात दिला. जिने पहिल्यांदा ओळखलं तिलाच आपण गुन्हेगार ठरवतो. हे सुशिक्षितांच्या घरांतही राजरोस चाललं आहे.

त्या मुलाला कदाचित ऐकूच येत नसेल. कानाची तपासणी झोपलेल्या तान्ह्या बाळाचीसुद्धा होते. पण वर्ष-दीड वर्ष जिभेवर उपाय चालतात आणि कानाकडे कोणी पाहत नाही. मेंदू सर्वांत झपाट्याने वाढतो तो पहिल्या काही वर्षांत. तो काळ आपण वाट बघण्यात घालवतो, आणि त्याची भरपाई पुढे त्या मुलाने करायची!

उपचारासाठी लागतात ती माणसं. तज्ज्ञ आईला शिकवतात, पाण्याचा पेला मुलाच्या नजरेसमोर धर, लगेच देऊ नकोस. त्याने तुझ्याकडे बघेपर्यंत थांब, 'पाणी' म्हण, नुसतं 'पा' आलं तरी पेला हातात दे. हे रोज, दर पेल्याला, महिनोन्महिने. एकट्या बाईने स्वयंपाक, धुणीभांडी आणि मजुरी सांभाळून हे कसं करायचं? आजीने, काकाने, बापाने तोच पेला तसाच धरला तर मूल लवकर शिकेल. पण घराची शक्ती त्याला लपवण्यात खर्च होते, कारण बाहेर कळलं तर धाकट्या आत्याचं लग्न अडेल. बालवाडीत घातलं तर इतर पालक तक्रार करतात, आमच्या मुलांवर परिणाम होतो म्हणून. चार वर्षांच्या पोराला वर्गाबाहेर काढायला लावणारे हे पालक स्वतःला सुसंस्कृत म्हणवतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच पालघरमधून झाली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी आणि जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्र, अशी त्याची योजना. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा मोफत शिक्षणाचा हक्क देतो तो सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना. सहाच्या आतल्या मुलाचा आधार म्हणजे हे जिल्ह्याचं केंद्र. तिथे पोचायला दोन एसटी बदलायच्या, मूल कडेवर घ्यायचं आणि त्या दिवसाच्या मजुरीचा खाडा सोसायचा. दर आठवड्याला. शेतमजूर बाई चार खेपांनंतर यायची थांबते, आणि आपण म्हणतो, आईच निष्काळजी.

गावात मंदिराच्या सभामंडपासाठी वर्गणी जमते. रस्त्यासाठी मोर्चे निघतात. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस वाचा-उपचारतज्ज्ञ बसवा, त्या आईला एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी द्या, असा ठराव किती ग्रामसभांनी केला आहे?