अवांतर

आमच्या चिरंजीवांनी गेल्या महिन्यात बॅट माळ्यावर टाकली. तीही नेरुळात राहून! २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री इथल्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा हेच चिरंजीव सोसायटीच्या आवारात गळा बसेपर्यंत ओरडत होते.

झाले असे, की निवड-सामन्यात स्वारीने ५९ चेंडू खेळून ११ धावा केल्या. बाद झाले नाहीत. पण निवडलेही गेले नाहीत. घरी आल्यावर मी म्हणालो, "अरे, सगळे सोडायचेच होते तर बॅट कशाला नेलीस? छत्री न्यायचीस!" मला ते वाक्य फार चटकदार वाटले. प्राध्यापकाला स्वतःची वाक्ये तशी वाटतातच. चिरंजीव काही बोलले नाहीत. त्यांनी स्टूल घेतले आणि माळा उघडला.

पुढे गणपतीला आमचे मेहुणे अमेरिकेहून आले. त्यांना तिकडच्या बेसबॉलचे वेड. तिथे म्हणे फलंदाजाने आवाक्याबाहेरचे चार चेंडू न मारता सोडले, की तो रमतगमत पहिल्या तळावर चालत जातो. त्याला 'वॉक' म्हणतात, आणि तो त्याच्या नावावर मांडतात. १८८७ च्या हंगामात तर वॉक म्हणजे चक्क फटकाच धरीत. बेब रूथने १९२३ साली असे १७० वॉक मिळवले. तो विक्रम २००१ पर्यंत टिकला. मग बॅरी बाँड्स आला. त्याने तो तर मोडलाच, शिवाय २००४ च्या एकाच हंगामात २३२ वॉक घेतले. त्यांतले १२० प्रतिपक्षाने आपण होऊन दिले होते. याला मारू द्यायचेच नाही, म्हणून! (बाँड्सच्या नावाला उत्तेजकांचे किटाळ चिकटले ते चिकटलेच, पण समोरच्यांना वाटलेली भीती मात्र खरी होती.)

आणि आपल्याकडे? चेंडू वाइड गेला तर धाव मिळते, पण फलंदाजाच्या नावावर नव्हे. ती जाते 'अवांतर' खाती. अवांतर वाचनाला गुण नसतात, तसेच हे. नुसता सोडला, तर वहीत एक टिंब. चकला तरी टिंब, जाणूनबुजून सोडला तरी टिंब. १९६२ च्या नियमांनी आमच्या मराठीतले अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यांची मला आठवण झाली. त्या टिंबांतही काही अर्थ असे, हे वर्गात सांगू लागलो की मुले घड्याळ पाहतात.

राहुल द्रविडने कसोटीत ३१,२५८ चेंडू खेळून काढले. २००८ साली सिडनीला तो १८ धावांवर चाळीस चेंडू अडकून पडला. अखेर एक धाव निघाली, तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यानेही हसत बॅट उंचावली.

"मग १९७५ चे काय?" मेहुणे म्हणाले. झाले! त्या विश्वचषकात लॉर्ड्सवर समोर ३३४ धावांचा डोंगर असताना सुनील गावसकर साठ षटके उभा राहिला आणि १७४ चेंडूंत नाबाद ३६ करून परतला. यावर मी चहा मागवला. सोडणे नेहमीच शहाणपणाचे असते, असे खुद्द गावसकरांचा भक्तही म्हणणार नाही.

पण त्या रात्री मला झोप येईना. उठून चिरंजीवांच्या खोलीत गेलो.

"त्या दिवशी किती चेंडू सोडलेस रे?"

"ऑफस्टंपाबाहेरचे एकोणीस. दोन चुकून सुटले, ते धरले नाहीत. बाकीचे अडवले," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "बाबा, तुम्ही होतात ना तिथे?"

होतो. पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत होतो. झाडाखाली बसून उत्तरपत्रिका तपासत होतो.

सकाळी सौ.ने विचारले, स्टूल पुन्हा माळ्याखाली कोणी आणून ठेवले?