पासबुकाची रुजुवात

आमच्या वाड्यात दोन घरच्या पोळ्या लाटून चरितार्थ चालविणाऱ्या एक वृद्ध मावशी राहतात. गेल्या सोमवारी त्यांनी आपले पासबुक माझ्यापुढे ठेवून, "दादा, मी पैसे काढले नाहीत, मग शिल्लक कमी कशी?" असे विचारले, आणि तेव्हापासून माझे चित्त स्वस्थ नाही.

रविवारी सकाळी जमाखर्चाची वही घेऊन बसण्याचा माझा परिपाठ या सदराच्या वाचकांस परिचित आहे. तेव्हा एकेक नोंद लावून पाहणे मला जड नव्हते. परंतु शाई इतकी फिकट, ओळी एकमेकींवर चढलेल्या, आणि रकमांपुढील खुलासा अशा त्रोटक इंग्रजी अक्षरांत की, मराठी वर्तमानपत्र नित्य वाचणाऱ्या या बाईंना स्वतःच्या श्रमाच्या पैशाचे काय झाले एवढेच तेवढे वाचता येऊ नये! किमान शिल्लक न राखल्याचा दंड, त्या दंडावर 18 टक्के कर, संदेशांचे शुल्क, आणि अपघात विम्याचे 20 रुपये, अशी ती वजावट निघाली. विम्याचे तेच 20 रुपये त्यांच्या दुसऱ्या बँकेतील खात्यातूनही गेले होते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत एका माणसास 2 लाखांचे एकच संरक्षण मिळते. दुसरा हप्ता जप्त होतो. रक्कम क्षुल्लक म्हणून तो अपव्यय क्षम्य ठरत नाही, कारण जीवनज्योती विम्याचा 436 रुपयांचा हप्ताही याच रीतीने दोनदा जाऊ शकतो, आणि मावशींच्या संसारात 436 रुपये म्हणजे बऱ्याच दिवसांचे दूध आहे.

नियम थोडक्यात सांगतो. शिल्लक मर्यादेखाली गेल्यास खातेदारास कळवून ती भरण्यास किमान एक महिन्याची मुदत द्यावी, तुटीच्या प्रमाणातच आकार घ्यावा, आणि त्यापायी खाते उणे होऊ देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक 1 एप्रिल 2015 पासून आहे. किमान शिल्लकेची अट नसलेले मूलभूत बचत खाते 2012 पासून मिळते. त्याच बँकेत दुसरे बचत खाते नसले म्हणजे झाले. तक्रारीस बँकेने 30 दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

पण नियम असून भागत नाही, रुजुवात घालणारे कोणी असावे लागते. माझी आई चार इयत्ता शिकलेली. तरी मिठाच्या बरणीशेजारी तिची रोजकीर्द असे, आणि दिवेलागणीनंतर त्या दिवशीचा आणा-पैसा तीत चढल्याखेरीज ती पाठ टेकीत नसे. महिनाअखेर वाण्याची चोपडी घरी आली की ती दोन्ही वह्या मांडीवर घेऊन तारीखवार ताडून पाही, आणि "शेठ, तेरा तारखेचं तेल आमच्या वहीत नाही," असे शांतपणे सांगे. शेठजी बिनतक्रार ती कलमे खोडीत. त्यात संशय नव्हता, कलहही नव्हता. उलट जो हिशेब दोघांनी पाहिला आहे त्यावरच पुढच्या महिन्याची उधारी निःशंकपणे चाले. काटकसर म्हणजे पोटाला चिमटा, असे समजणाऱ्यांनी ते घर पाहावयास हवे होते. आमच्याकडे सणाला पुरणपोळी कधी चुकली नाही, कारण नकळत गळणारा पैसा त्या वहीने थोपविला होता. आज घरोघरी मिळवते हात वाढले, व्यवहार यंत्रावर गेले, आणि लिहिण्याचे काम यंत्र करते म्हणून वाचण्याचेही आपण सोडून दिले, ही मला या काळातील फार मोठी हानी वाटते.

बँकांनी पासबुकातील प्रत्येक वजावटीचे कारण स्वच्छ मराठीत छापावे, ही माझी मागणी आहे. तोवर वाचकांनी आपले आणि शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचे पासबुक भरून आणून ओळ न ओळ वाचावी. विम्याचे हप्ते मेअखेरीस कापले जातात. ज्यांची खाती दोन बँकांत आहेत त्यांनी त्यापूर्वीच एकीकडील संमती लेखी अर्जाने रद्द करावी, आणि अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये.